श्रीमंतांच्या फाटकावरचं गवती छप्पर

दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एखाद्या बड्या जमीनदाराकडे पाहुणे म्हणून निघालात, तर त्याचा महाल दिसायच्या कितीतरी आधी रस्त्याकडेला एक फाटक लागायचं आणि फाटकाला खेटून एक बुटकं घर. घोड्यांच्या टापा ऐकू आल्या की त्या घरातून कोणीतरी धावत यायचं, फाटक उघडायचं, गाडी आत घ्यायचं आणि पुन्हा फाटक लावायचं. हे घर म्हणजे गेट लॉज. आपल्याकडच्या वाड्यात दिंडीदरवाज्याशी देवडी असते, तिचंच हे काम. फक्त इथे पहारेकऱ्याचा अख्खा संसार त्या देवडीत मांडलेला असे.

साधारण १७८० ते १८४० या काळात या लॉजांची एक खास जात इंग्लंडभर पसरली. छप्पर गवताचं, भुईपर्यंत उतरल्यासारखं. ओसरीला सालीसकट झाडांचे बुंधे खांब म्हणून लावलेले. खिडक्यांना शंकरपाळ्याच्या आकाराच्या बारक्या काचा. वर घराच्या मानाने भलतंच उंच धुराडं. बघणाऱ्याला वाटावं की गावातल्या कोणा म्हाताऱ्याने हाताला येईल ते सामान घेऊन आपल्यापुरतं खोपटं बांधलंय. प्रत्यक्षात बऱ्याचदा त्याचा नकाशा नामवंत आर्किटेक्टने काढलेला असे. खांबाची साल कुठे ठेवायची आणि कुठे सोलायची, हेही ठरलेलं असे.

या घराकडे बघताना मला एक साधी युक्ती उपयोगी पडते. प्रत्येक भागापाशी विचारायचं: हे पावसासाठी आहे की पाहुण्यासाठी? काही गोष्टी गवताच्या छपराला करणंच भाग असतं, नाहीतर घर गळतं. काही निव्वळ गाडीतून येणाऱ्याने बघावं म्हणून केलेल्या. चांगल्या आर्किटेक्टचं कसब हे की या दोन गोष्टी त्याने एकमेकींत अशा मिसळल्या की वेगळ्या काढताना आपली फसगत व्हावी.

गवतच का?

आधी गवताचे लॉज नव्हते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात फॅशन होती ती जुळ्या लॉजांची: फाटकाच्या दोन्ही बाजूंना एकेक दगडी खोकं, हुबेहूब एकसारखं, ग्रीक-रोमन पद्धतीचं. दिसायला रुबाबदार, राहायला वैताग. एका खोक्यात जेमतेम एक खोली. म्हणजे स्वयंपाक इकडे आणि झोपायला रस्ता ओलांडून तिकडे, तेही इंग्लंडच्या जानेवारीत.

मग हवा बदलली. १७९४ साली हियरफर्डशरमधल्या दोन जमीनदारांनी, युव्हडेल प्राइस आणि रिचर्ड पेन नाइट यांनी, सौंदर्याची नवी व्याख्या मांडली. गुळगुळीत हिरवळ आणि मोजूनमापून केलेली सममिती म्हणजे कंटाळा, असं त्यांचं म्हणणं. डोळ्याला रमवतं ते खडबडीत, वेडंवाकडं, शेवाळलेलं, काळाने झिजलेलं. या विचाराला 'पिक्चरेस्क' म्हणतात. चित्रात शोभेल असा देखावा, तोही थेट जमिनीवर उभा करायचा. अशा देखाव्यात ग्रीक खोकं बसेना. गवती झोपडी मात्र चपखल बसली.

इथे एक गंमत लक्षात घ्यायला हवी. गवत हे तेव्हा गरिबाचं छप्पर होतं. गहू कापला की पेंढा उरतोच, तो फुकटात घरावर चढायचा. आगीच्या भीतीने लंडन शहराने गवती छपरांवर १२१२ सालीच बंदी घातली होती. ज्याला परवडे तो कौलं किंवा दगडी पाट्या घालायचा, आणि पुढे कालवे व रेल्वे आल्यावर वेल्समधली पाटी जिथे-तिथे स्वस्तात पोचू लागली. म्हणजे सामान्य माणूस गवतातून बाहेर पडायची वाट बघत होता, आणि नेमक्या त्याच काळात इस्टेटीचा मालक मुद्दाम पैसे मोजून आपल्या फाटकावर गवत चढवत होता. फ्रेंच नाव लावून या नटव्या झोपडीला 'कॉटेज ऑर्ने' म्हणायची पद्धत पडली. राजघराणंही मागे नव्हतं. लंडनजवळच्या क्यू बागेत राणी शार्लटची गवती कॉटेज १७७०च्या सुमारास उभी राहिली; राजकुटुंब तिथे चहा-फराळाला जायचं आणि शेजारच्या कुरणात काही काळ कांगारू पाळलेले होते. पुढे चौथ्या जॉर्जने राजा होण्याआधीच विंडसरला रॉयल लॉज नावाची 'झोपडी' बांधून घेतली. तीही गवताची, पण आकाराने चांगली हवेली. तो मेल्यावर १८३०मध्ये धाकट्या भावाने तिचा बहुतेक भाग पाडून टाकला.

धुराचाही हिशेब

या फॅशनचे दोन मोठे कारागीर, आणि दोघेही १७५२ सालचे: बागांचा आखणीकार हम्फ्री रेप्टन आणि आर्किटेक्ट जॉन नॅश. काही वर्षं त्यांची भागीदारी होती, मग बिनसलं. दोघांचं काम एकाच ठिकाणी बघायचं तर ब्रिस्टलच्या वेशीवरच्या हेनबरीत ब्लेझ कासल इस्टेट आहे. ती जॉन स्कँड्रेट हारफर्ड या क्वेकर पंथीय बँकरने १७८९मध्ये घेतली.

रेप्टन ग्राहकासाठी लाल चामड्याच्या बांधणीचं हस्तलिखित तयार करायचा. त्यात जलरंगांत जागेचं आत्ताचं चित्र, त्यावर कागदाची एक झडप. झडप उचलली की सुधारणेनंतरचं चित्र. आजच्या बिल्डरच्या 'आधी-नंतर'चा हा खापरपणजोबा म्हणायचा. ब्लेझसाठी त्याने १७९५-९६मध्ये असं पुस्तक केलं. त्यात एक सूचना अशी की महालासमोरच्या रानात, दरीपलीकडे, एक लाकूडतोड्याची कॉटेज बांधावी. कशासाठी? तर तिच्या धुराड्यातून निघणारा धूर झाडांवरून तरंगताना महालाच्या खिडकीतून दिसावा, म्हणजे रान निर्जीव वाटणार नाही. त्या घरातल्या बाईने चूल पेटवायची ती जेवणासाठी, आणि तिच्या नकळत मालकाच्या चित्रात रंग भरला जायचा. हे वाचल्यापासून या लॉजांची उंच धुराडी बघताना मला फक्त धुराडी दिसत नाहीत.

नॅशने याच इस्टेटीवर १८१० ते १८११मध्ये नऊ कॉटेजांची एक छोटी वाडी उभी केली, ब्लेझ हॅम्लेट. हारफर्डच्या म्हाताऱ्या नोकरांना उतारवयात राहायला म्हणून. ही फाटकावरची घरं नव्हेत, पण गवती लॉजांत जे-जे सापडतं ते सगळं इथे एका हिरवळीभोवती मांडून ठेवलंय, म्हणून समजून घ्यायला यासारखी जागा नाही. काही छपरं गवताची, काही दगडी पाट्यांची. नऊपैकी एकही घर दुसऱ्यासारखं नाही, आणि विटांचं प्रत्येक धुराडं वेगळ्या नक्षीचं. नॅशच्या कचेरीत तेव्हा रेप्टनचाच मुलगा जॉर्ज काम करत होता आणि या कॉटेजांत त्याचाही हात आहे. बापाचं बिनसलं तरी पोराचं चाललं होतं. हा तोच नॅश, ज्याने पुढे लंडनची रीजंट स्ट्रीट आखली आणि ब्रायटनच्या राजवाड्यावर हिंदुस्थानी धाटणीचे घुमट चढवले. एका हाताने घुमट, दुसऱ्या हाताने झोपडी. दोन्ही तितक्याच सराईतपणे.

ज्यांना नॅश परवडत नसे त्यांच्यासाठी नमुन्यांची पुस्तकं निघत. नकाशा, दर्शनी चित्र, अंदाजे खर्च. गावातल्या सुताराला पान उघडून दाखवायचं आणि असंच कर म्हणायचं. म्हणून डेव्हनपासून सफोकपर्यंत एकमेकांचे चुलत भाऊ वाटावेत असे लॉज सापडतात.

आढ्याचं पाणी वळचणीला

आता छपराकडे येऊ. खरी हुशारी तिथेच आहे.

कोकणात किंवा मावळात शाकारणी म्हणजे दरवर्षीचं काम, मृगाच्या आत उरकायचं. मग इंग्लंडमधलं गवत तीस-चाळीस वर्षं कसं टिकतं? एक तर पाऊस. रत्नागिरीत चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून जास्त कोसळतो, ब्रिस्टलला वर्षभराचा मिळून आठ-नऊशेच्या घरात, तोही रिपरिप. दुसरं म्हणजे जाडी. तिथलं छपर निदान फूटभर जाड असतं, आणि जुन्या घरांवर थरांवर थर चढून ते तीन-चार फुटांपर्यंत जातं. तिसरं आणि महत्त्वाचं, उतार. निदान ४५ अंश, पन्नास असेल तर उत्तम.

गवताचं छप्पर पाणी अडवत नाही, ते पाण्याला आत शिरायला वेळच देत नाही. काड्यांची टोकं बाहेरच्या बाजूला असतात. थेंब एका टोकावर पडतो, खालच्या काडीच्या टोकावर घसरतो, तिथून आणखी खाली. असं करत वळचणीला येऊन पागोळ्यांनी जमिनीवर. छप्पर नीट असेल तर मुसळधार पावसातही वरचा इंच-दीड इंच थर तेवढा ओला होतो, आत कोरडं ठणठणीत. उतार कमी केला की थेंब रेंगाळतो, काडी ओली राहते, शेवाळ धरते आणि कुजते. लॉजचं छप्पर टोपीसारखं उंच आणि तीव्र उतरतं दिसतं, ते या कारणाने. हे पावसाचं काम. पाहुण्याला आवडलं, तो भाग वेगळा.

सामान तीन प्रकारचं. पाणथळीत वाढणारं बोरूच्या जातीचं गवत, म्हणजे पाणगवत, सगळ्यात टिकाऊ, चांगलं असलं तर पन्नासेक वर्षं. नॉरफकचं प्रसिद्ध. थंडीत पानं गळाली की कापतात. दुसरा प्रकार विंचरलेला गव्हाचा पेंढा: मळणीयंत्रावर बसवलेल्या भागातून ओंब्या आणि पाती झाडून निघतात, काडी मोडत नाही, आणि सगळ्या काड्यांचे बुडखे एकाच बाजूला राहतात. डेव्हन-सॉमरसेटकडचं हे छप्पर मऊ आणि गोलाईदार दिसतं, तीसेक वर्षं चालतं. तिसरा लांब पेंढा: मळून, भिजवून, ओंब्या-बुडखे एकमेकांत मिसळलेला. तो वीस-पंचवीस वर्षांचा सोबती. दुरून ओळखायची खूण म्हणजे वळचणीला आणि कडांनाही बाहेरून काठ्यांची नक्षी मारलेली असते, कारण मोकळ्या काड्यांना तिथे धरून ठेवावं लागतं.

बांधायची रीत बघण्यासारखी आहे. सुरुवात वळचणीपासून. तिथे वाशांच्या टोकांवर एक तिरपी फळी ठोकतात, म्हणजे पहिली पेंढी थोडी वर उचलली जाते आणि वरच्या थराच्या दाबाने घट्ट आवळली जाते. ही फळी चुकली तर पुढचं सगळं सैल. मग थरावर थर, खालून वर. प्रत्येक थर आडव्या काठीखाली दाबून वाशांना बांधायचा. पाणगवत असेल तर लेगेट नावाच्या, दांडा लावलेल्या खाचांच्या पाटीने काड्यांचे बुडखे खालून वर थोपटत जायचं. कापायचं नाही, थोपटूनच उताराला आणायचं.

जुन्या थरावर नवा थर चढवताना खिळे चालत नाहीत. तिथे लागते हेझलच्या झुडपाची फोक. ती चिरून पातळ करायची, दोन्ही टोकांना धार काढायची आणि मधोमध पीळ देऊन दुमडायची. पीळ दिल्याने तंतू एकमेकांवर सरकतात आणि फोक मोडत नाही, केसाच्या आकड्यासारखी होते. हा आकडा गवतात खुपसताना टोक आतल्या बाजूला किंचित वर जाईल असं धरतात. खाली तोंड करून खुपसलात तर त्याच आकड्यावरून पाणी ओघळत आत जाणार. एका छपरात असे हजारो आकडे असतात, आणि प्रत्येक वेळी हाताला तो कोन आठवावा लागतो.

सगळ्यात आधी झिजतं ते आढं. दोन्ही पाखी जिथे भेटतात तिथे गवत दुमडावं लागतं, आणि ताठ पाणगवत दुमडलं तर मोडतं. म्हणून आढ्याला पेंढा किंवा लव्हाळ्याच्या जातीचं लवचीक गवत वापरतात. ते दहा-पंधरा वर्षांनी बदलावं लागतं. खालचं छप्पर मात्र तसंच चालू राहतं. आढ्यावरची कातरलेली, महिरपी काढलेली जाड पट्टी आपल्याला फार प्राचीन वाटते. ती बरीचशी विसाव्या शतकातली हौस आहे. पेंढ्याचे मोर, कोल्हे आणि तितर आढ्यावर बसवतात, तेही बहुतांशी अलीकडचंच. जुनी आढी साधी, छपराला चापून बसलेली असत. पाहुण्यासाठी करायच्या गोष्टी अजून संपलेल्या नाहीत, इतकंच.

वाक का, खांब का, खिडकी का

गवताला काटकोन मानवत नाही. दोन पाख्यांच्या मधे जिथे घळ होते तिथे दोन्हीकडचं पाणी एकवटतं आणि छप्पर आधी कुजतं. म्हणून शहाणा कारागीर घळ टाळतो किंवा जास्तीचं गवत भरून ती बुजवत गोल करतो. माळ्यावरच्या खिडकीवरून छप्पर लाटेसारखं वर जाऊन खाली येतं. तिला तिकडे भुवईची खिडकी म्हणतात. हा लाडिक वाक आर्किटेक्टच्या पेन्सिलीतून आलेला नाही. तो गवताचा हट्ट आहे. नॅशची हुशारी एवढीच की त्याने तो हट्ट पुरवला आणि श्रेय घेतलं.

छपराला पन्हळ नसते. जाड गवताच्या कडेला ती बसत नाही, बसवली तरी कचऱ्याने तुंबते. म्हणून छप्पर भिंतीच्या बाहेर दीड-दोन फूट काढतात, म्हणजे पागोळ्या पायापासून लांब पडतात. डेव्हनमध्ये भिंती चिखल-पेंढ्याच्या, त्यांना तर पाणी म्हणजे काळच. त्यांना डोक्यावर चांगली टोपी आणि पायात चांगले बूट हवेत, असं तिकडचे लोक म्हणतात. बूट म्हणजे दगडी जोतं.

आता हेच बाहेर काढलेलं छप्पर आणखी चार फूट पुढे ओढा, खाली झाडांचे बुंधे उभे करा, झाली ओसरी. इथे पाऊस संपला आणि पाहुणा सुरू झाला. एवढ्या खांबांची छपराला गरज नसते. गवत जाड दगडी पाट्यांच्या मानाने कितीतरी हलकं. इंग्रजी घरांना व्हरांड्याची गोडी लागली ती मुख्यतः कंपनी सरकारच्या हिंदुस्थानातल्या बंगल्यांमुळे, आणि आपल्याकडे उन्हासाठी काढलेली ही सावली तिथे ढगाळ आभाळाखाली जाऊन बसली. परिणाम असा की आधीच बारीक काचांच्या खिडक्या, त्यात वर लोंबणारं छप्पर आणि पुढे ओसरी. आत दुपारी तीनला दिवा लावायची वेळ.

खिडक्यांची जागा मात्र अक्कल वापरून ठरवलेली असते. गोल, षटकोनी किंवा अष्टकोनी लॉज बरेच सापडतात. भिंतीला असे पैलू पाडले की आत बसल्या-बसल्या रस्त्याच्या दोन्ही बाजू दिसतात, गाडी कुठूनही येवो. टोलनाक्यांची जुनी घरं याच कारणाने पैलूदार. मधोमध एकच धुराडं आणि भोवती खोल्या, म्हणजे एका चुलीच्या उबेत सगळं घर. कॉर्नवॉलमधल्या व्हेरियन गावात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची पाच गोल घरं आहेत, बहुतेक गवती छपराची आणि शेंड्यावर क्रूस असलेली. गावकरी सांगतात, भिंतीला कोपराच ठेवला नाही, म्हणजे सैतानाला लपायला जागा नको.

धुराडं उंच ठेवणं हे मात्र खरोखर गरजेचं काम. उडालेली ठिणगी गवतावर पडेपर्यंत विझावी म्हणून. आजही आढ्यापासून निदान १.८ मीटर वर धुराड्याचं तोंड असावं असं सुचवतात, आणि विम्याच्या कंपन्या धुराड्याची तपासणी मागतात. दाबून बसवलेलं गवत चटकन भडकत नाही, आतल्या आत धुमसत राहतं. आग लागली तर पंचाईत अशी की छप्पर पाणी झटकण्यासाठीच बनवलेलं असतं; बंबाचं पाणीही ते इमानेइतबारे वळचणीला पोचवतं. म्हणून जुन्या काळी गावच्या चर्चमध्ये लांब दांड्याचे लोखंडी आकडे टांगलेले असत, पेटलेलं गवत ओढून खाली पाडायला.

आत कोण राहायचं

एखादी विधवा, किंवा इस्टेटीवरच्या माळ्याचं कुटुंब. नवरा दिवसभर बागेत, फाटक बायको सांभाळायची, पोरंही धावायची. घरभाडं नाही, त्या बदल्यात रात्री-अपरात्री घंटा वाजली तरी उठायचं. घराची दर्शनी बाजू पाहुण्याची, त्यामुळे वाळत घातलेले कपडे, संडास, लाकडं, डुकराचा खुराडा हे सगळं मागे, झाडीआड. ब्लेझ हॅम्लेटमध्ये तर म्हणे घरांची दारं एकमेकांसमोर येऊ दिलेली नाहीत, म्हाताऱ्यांनी दारात उभं राहून चकाट्या पिटू नयेत म्हणून. खरं असो वा नसो, तिथे उभं राहिलं की दारांची तोंडं खरोखरच इकडे-तिकडे आहेत.

या घरांची छायाचित्रं कॅलेंडरवर फार गोड दिसतात. पण गोडव्याची दुसरी बाजू डॉर्सेटमधल्या मिल्टन ॲबसला स्पष्ट दिसते. जोसेफ डेमर ऊर्फ लॉर्ड मिल्टनला आपल्या घरालगतचं जुनं बाजारपेठेचं गाव डोळ्यांत खुपत होतं. १७७०च्या दशकापासून त्याने ते हळूहळू हटवलं आणि नजरेआडच्या एका दरीत रस्त्याच्या दुतर्फा पांढऱ्या भिंतींची, गवती छपरांची नवी घरं बांधली. बाहेरून एक टुमदार घर, आत दोन कुटुंबं. हाच काळ सामायिक कुरणांना कुंपणं पडण्याचा. गावच्या गायरानावर एखादी गाय चारणारा माणूस पार्लमेंटच्या कायद्याने मजूर झाला आणि त्याचं खरं खोपटं गळत राहिलं. इस्टेटीच्या फाटकावर मात्र त्याच खोपट्याची देखणी नक्कल उभी होती. सगळेच मालक लॉर्ड मिल्टनसारखे नव्हते. हारफर्डने म्हाताऱ्यांसाठी घरं बांधली. ब्लेझ बघून सर थॉमस डाइक ॲकलंड यांनी १८२८मध्ये सॉमरसेटच्या सेल्वर्दीत आपल्या निवृत्त माणसांसाठी तशीच गवती वाडी वसवली. आत जागा कमी आणि उजेड कमी, तरी गळकी नव्हती. त्या काळी मजुराच्या घराबद्दल एवढंही फार थोड्यांना म्हणता यायचं.

आता पेंढा कुठून आणायचा?

१८९४मध्ये वारसा कर आला, पुढे दोन महायुद्धं झाली आणि इस्टेटी फुटू लागल्या. सगळ्यात आधी विकले गेले ते लॉज, कारण ते रस्त्याला लागून आणि महालापासून सुटे. शेकडो महाल विसाव्या शतकात पाडले गेले, त्यातल्या काहींचे लॉज तेवढे उरले. फाटक आहे, आत काहीच नाही. आज बहुतेकांत खाजगी कुटुंबं राहतात. ज्या रस्त्यावर दिवसातून चार गाड्या यायच्या त्यावर आता ट्रक धावतात, आणि हे घर रस्त्यापासून हातभर अंतरावर.

ब्रिटनमध्ये १९४७च्या नियोजन कायद्यापासून जुन्या इमारतींची यादी करून त्यांना संरक्षण मिळू लागलं. यादीतल्या घराला हात लावायचा तर परवानगी. गवताच्या बाबतीत यावरून चांगलीच जुंपते. घरमालकाचा हिशेब सरळ असतो: लांब पेंढा वीस वर्षांत बदलायचा, त्यापेक्षा पन्नास वर्षांचं पाणगवत घालून मोकळं व्हावं. जतन करणारे म्हणतात, असं केलंत तर त्या भागाची ओळख जाईल. पेंढ्याचं मऊ, ओतल्यासारखं छप्पर आणि पाणगवताची धारदार कड यांत जमीन-अस्मानाचा फरक. माझं मत जतनवाल्यांच्या बाजूचं आहे, पण छपराचं बिल मला भरायचं नाही हेही खरं.

पेंढा मिळणंही अवघड झालंय. हरितक्रांतीनंतर गहू बुटका झाला, खतांनी काडी फोपशी झाली आणि कापणी-मळणी एकदम करणारं यंत्र काडीचा भुगा करतं. छपराला लांब, चिवट, अखंड काडी हवी. म्हणून काही शेतकरी आणि शाकारणारे स्वतःच जुने उंच वाण पेरतात. मॅरिस विजन हा १९६०च्या दशकातला गहू त्यांचा लाडका. तो किंचित हिरवा असतानाच जुन्या पद्धतीच्या पेंढ्या बांधणाऱ्या यंत्राने कापतात, पेंढ्या शेतातच उभ्या रचून वाळवतात आणि मग जुन्या मळणीयंत्रात घालतात. पाणगवत तर आता बरंचसं तुर्कस्तान, पूर्व युरोप आणि चीनमधून येतं. गावच्या मातीतून उगवल्यासारखी दिसणारी झोपडी, आणि डोक्यावरचं गवत बोटीने आलेलं. नॅशला यात काही वावगं वाटलं नसतं, असा माझा अंदाज आहे.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर ब्लेझ हॅम्लेट गाठा. १९४३पासून ते नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे, नऊच्या नऊ घरं संरक्षणाच्या सगळ्यात वरच्या श्रेणीत आहेत, आणि मधल्या हिरवळीवर फिरता येतं. घरांत आत जाता येत नाही, कारण तिथे माणसं राहतात. त्यामुळे वळचणी, धुराडी, बुंध्यांचे खांब मनसोक्त बघा, फक्त खिडकीच्या काचेला नाक लावू नका.